सापळ्यात नुसते नर येतात
फळांत अंडी घालणाऱ्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचे सापळे लावा, फवारण्या कमी होतील, हे मी वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आणि नेमकी तिथेच फळं हातची जातात. या गंधाला नर येतात. अंडी घालणारी मादी बागेतच फिरत असते. सापळा उशिरा लावला तर तोवर तिचं मीलन झालेलं असतं, मग डबा मेलेल्या माश्यांनी भरला तरी फळ किडायचं ते किडतंच. म्हणून फळं पिकायला लागायच्या बरंच आधी सापळे हवेत, आणि आजूबाजूच्या बागांतही त्याच वेळी.

दुसरं, गळालेली फळं. एखादं फोडून बघा. सालीवर टाचणी टोचल्यासारखं भोक, आत गर पाणचट आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. याच पुढे मातीत शिरून कोष करतात. फळं बांधावर फेकणं म्हणजे पुढची पिढी आपणच पोसणं. काही ठिकाणी ती बारीक जाळीच्या तंबूत ठेवतात: माशी आत अडकते, पण तिच्यावर वाढणारी इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी जाळीतून निसटून बागेत परतते. किती सुंदर युक्ती आहे ही!

जपानच्या ओकिनावात वांझ केलेले नर सोडून (त्यांच्याशी मीलन झालेल्या मादीच्या अंड्यांतून अळ्या निघत नाहीत) १९९३ पर्यंत वेलवर्गीय पिकांवरची फळमाशी संपवली. ते सरकारी ताकदीचं काम. पडलेली फळं रोज वेचणं आणि झाडावरच्यांना कागदी पिशव्या घालणं मात्र उद्या सकाळीच सुरू करता येईल.