केऑस म्हणजे फाशांचा खेळ नव्हे

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘केऑस थिअरीने सिद्ध केलं की जगात सगळं योगायोगानं घडतं. गुंतागुंत वाढली की नियम संपतात. फुलपाखराने पंख हलवले तरी दूर कुठे वादळ उठतं, म्हणून भाकीत करणं व्यर्थ.’

योगायोगाचं आधी उरकून टाकू. केऑसच्या, म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा फरकातून पुढे मोठा फरक पडणाऱ्या प्रक्रियांच्या, गणितात फासे कुठेच पडत नाहीत. नियम ठाम असतो. सुरुवात तंतोतंत तीच ठेवली की पुढचा आकडान् आकडा तोच येतो.

आता गुंतागुंत. कॅल्क्युलेटर घ्या. ० ते १ मधली एक संख्या घ्या, १ मधून ती वजा करून येणाऱ्या संख्येने तिला गुणा, मग ‘र’ या ठरावीक आकड्याने गुणा. उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला. बस, एवढंच यंत्र. र २.८ ठेवला तर उत्तर ०.६४३ च्या आसपास येऊन थांबतं. ३.२ केला की ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यात झोके घेतं. ३.५ ला चार आकड्यांचं चक्र, मग आठ, सोळा... हे दुपटीचे टप्पे एकमेकांजवळ सरकत जातात आणि ३.५७ च्या सुमारास केऑस सुरू होतो. चल राशी एकच! परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी १९७६ साली याच साधेपणाकडे लक्ष वेधलं होतं.

आणि नियम संपतात म्हणे! लागोपाठच्या टप्प्यांमधली अंतरं ज्या प्रमाणात आक्रसतात ते प्रमाण ४.६६९ कडे जातं, हे भौतिकशास्त्रज्ञ मिचेल फायगेनबाउम यांना १९७५ मध्ये सापडलं. सूत्र बदलून साइन या त्रिकोणमितीतल्या वक्राचा उंचवटा घेतला तरी आकडा तोच. मला तर यात गोंधळापेक्षा शिस्तच जास्त दिसते. शिवाय र ३.८३ करून बघा: केऑसच्या ऐन मुलखात तीन आकड्यांचं नेटकं चक्र परत येतं.

राहिलं फुलपाखरू. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९७२ च्या व्याख्यानाचं शीर्षक प्रश्नार्थक होतं: फुलपाखराच्या पंखांनी दूर कुठे वादळ उठतं का? मजकूर फिरवणाऱ्यांनी प्रश्नचिन्हच खाल्लं. त्यांना १९६१ साली दिसलं ते असं: ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरल्यावर संगणकावरचं हवामान आधी जुन्याच वाटेनं गेलं, मग हळूहळू फाटा फुटला. त्या ‘आधी’मध्येच भाकिताला जागा आहे. वरच्या सूत्रात र ४ असताना चूक सरासरीने दर पायरीला दुप्पट होते. सुरुवातीला दशलक्षांशाची चूक असेल, तर तिला सगळं गिळायला वीसेक पायऱ्या लागतात. आणखी एक दशांश स्थळ अचूक मोजलंत, तर तीनेक पायऱ्या वाढून मिळतात.