मेंढीचं कच्चं दूध आणि तो फॉरवर्ड मेसेज

आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात चौथ्यांदा आला, आणि आज सांगोल्याहून चुलत बहिणीचा फोन, "दादा, पोराला मेंढीचं कच्चं दूध चालू करू का?" पोरगं दीड वर्षाचं. म्हणून सगळं काम बाजूला ठेवून लिहितोय. मेसेजमधे म्हटलंय की रानात चरणाऱ्या मेंढीला अँटिबायोटिक लागतच नाही, त्यामुळं तिच्या दुधात औषधाला दाद न देणारे जंतू असूच शकत नाहीत, असले तरी ते उकळूनही मरत नाहीत मग उकळायचं कशाला, उकळलं की ताकद जाते, आणि आपले आजे-पणजे कच्चंच प्यायचे.

पहिलं, "औषध लागतच नाही". हे लिहिणाऱ्यानं धनगराचा वाडा लांबूनच बघितलाय. माझ्या चुलत्यांची, तात्यांची मेंढरं सोलापूर जिल्ह्यातच फिरतात, कुणाच्या रानात खतासाठी चार रात्री बसवली की पुढचं रान. मागच्या महिन्यात एक मेंढी मागचा पाय ओढत चालायला लागली, कोकराला जवळ येऊ देईना. तात्यांनी कास चाचपली तर एक बाजू गरम आणि दगडासारखी. दगडी झालेली, म्हणजे कासदाह. त्यांनी त्या सडाची पहिली धार काळ्या घोंगड्यावर मारली, काळ्यावर पांढरं लगेच दिसतं ना, तर दूध पाण्यासारखं आणि त्यात फाटल्यासारखे बारीक गोळे. आता अशा वेळी मेंढपाळ काय करणार? जवळच्या मेडिकलातून गायीच्या सडात सोडायची अँटिबायोटिकची ट्यूब आणायची, मेंढीला दोनच सड, मग अर्धी इकडं अर्धी तिकडं, ट्यूबचं तेच तोंड दोन्हीकडं. दोन दिवसांनी सूज उतरली की औषध बंद. मी तात्यांना दोष देत नाहीये, त्या रानात डॉक्टर वेळेवर पोचत नाही, पण जंतूंना औषधाची सवय लागते ती अशीच. अर्धवट डोसात कमजोर जंतू मरतात, चिवट राहतात, आणि पुढची पिलावळ त्यांचीच.

"औषध दिलंच नाही तर असले जंतू येणार कुठून?" कुठूनही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ, हा दगडीचा एक मोठा जंतू, तो माणसाच्या नाकात आणि कातडीवरही राहतो, म्हणजे धार काढणाऱ्याच्या हातावरून सडात आणि सडावरून हातात. शेणातून, पाण्यातून, दुसऱ्या कळपातूनही येतो. वर आणि हे जंतू औषध चुकवायचे जीन्स, म्हणजे जनुकं, एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. इटली, ग्रीसकडं मेंढीच्या दुधाच्या मोठ्या डेअऱ्या आहेत, चीजसाठी, तिथल्या दुधात पेनिसिलिन, टेट्रासायक्लिनला न जुमानणारा स्टॅफ सापडलाय, काही कळपांत एमआरएसएसुद्धा, म्हणजे पेनिसिलिनच्या बहुतेक भावंडांनाही न जुमानणारा स्टॅफ. २०११ मधे इंग्लंडात गायीच्या दुधातल्या स्टॅफमधे त्याला एमआरएसए बनवणारा मेकसी नावाचा नवा जीन निघाला, तो असलेला जंतू नंतर माणसांतही सापडला. तेव्हा "हे फक्त दवाखान्यात असतं" हेही डोक्यातून काढा.

आता उकळण्याचं, आणि इथं मेसेज सगळ्यात जास्त धोक्याचं बोलतो. औषधाला दाद न देणं वेगळं आणि आचेला दाद न देणं वेगळं. पेनिसिलिन पचवणारा स्टॅफ असला तरी ६३ अंशाला ३० मिनिटं नाहीतर ७२ अंशाला १५ सेकंद, एवढ्यात मरतो, पाश्चरायझेशन म्हणजे तेच. आपण घरी उकळी आणतो ती तर त्याच्याही वर. प्रोटीन, कॅल्शियम कुठं जात नाही, थोडी व्हिटॅमिनं कमी होतात, बस. कच्च्या दुधातले चांगले जंतू पाहिजेत असं म्हणत असाल तर दूध उकळून, कोमट करून विरजण लावा की.

पण उकळून दोन गोष्टी जात नाहीत. एक, स्टॅफनं दुधात आधीच सोडलेलं विष. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळची धार दुपारपर्यंत कळशीत राहिली तर संध्याकाळी कितीही उकळा, जंतू मेले तरी विष तसंच, आणि काही तासांत उलट्या. दुसरी, औषधाचा अंश. मेंढीला ट्यूब दिली की ठरलेले दिवस दूध वापरायचं नसतं, किती ते डॉक्टरला विचारायचं, कारण ट्यूबवर लिहिलेले दिवस गायीचे असतात. असल्या दुधाला कधीकधी विरजणच धरत नाही, कारण औषध विरजणातल्या जंतूंनाही मारतं. एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिच्या २०१८ च्या दुधाच्या सर्व्हेत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मधे औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. ही औषधाची मोजणी, जंतूंची नाही, मेसेजवाले या दोन्हींची खिचडी करतात.

राहिले आजे-पणजे. १९०५ मधे इटलीजवळच्या माल्टा बेटावर थेमिस्टोक्लिस झामित या डॉक्टरांनी शोधून काढलं की तिथला माणसांना महिनोन्महिने छळणारा ताप शेळीच्या दुधातून येतो, ब्रुसेला जंतूचा, आणि तो मेंढीतही असतो. येऊन-जाऊन ताप, घाम, कंबर धरणं. आपल्या आज्यांच्या अशा तापाला कुणी नाव दिलं नाही एवढंच.

बहिणीला सांगितलं, दूध दे, चांगलंच आहे, पण धार काढल्या काढल्या उकळून, आणि आजारी मेंढीचं अजिबात नाही. तात्यांना १९६२ या जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या सरकारी नंबरवर फोन लावायला सांगितलंय, पुढची ट्यूब दुधाचा नमुना तपासून, कुठलं औषध चालतं ते कळल्यावरच. त्या मेंढीचं दूध तोवर वेगळ्या भांड्यात काढून खड्ड्यात, वाड्यावरच्या कुत्र्यालाही घालायचं नाही. आणि तिची धार सगळ्यात शेवटी, त्यानंतर हात साबणानं.