सौभद्रातली सोयरीक मामाच्याच घरची

अर्जुन-सुभद्रेच्या लग्नावरच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकाबद्दलचा एक मजकूर सध्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 1882 सालीच अण्णासाहेब किर्लोस्करांनी प्रेमविवाहाचं बंड रंगभूमीवर आणलं, सुभद्रेनं घरच्यांना धुडकावून एकनिष्ठ अर्जुनाला वरलं, आणि पुढं किर्लोस्करांच्याच शिष्याच्या ‘शारदा’ नाटकावरून बालविवाह रोखणारा कायदा झाला. अण्णासाहेब आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळं जो तो अभिमानानं पुढं पाठवतोय. अभिमान रास्त आहे, मजकूर नाही.

घरच्यांना धुडकावलं म्हणजे कुणाला? कुंती ही वसुदेवाची बहीण, म्हणजे सुभद्रा अर्जुनाच्या मामाची मुलगी. आमच्या सीमाभागात, मराठी घरात काय नि कन्नड घरात काय, मामाच्या मुलीशी सोयरीक हीच पहिली मानायची रीत. अर्जुन घरातलाच, परका असलाच तर दुर्योधन, आणि तो आणलाय थोरल्या भावानं, बलरामानं. धाकटा भाऊ कृष्ण मात्र अर्जुनाच्या बाजूनं. म्हणजे भांडण प्रेम आणि घराणं यांचं नाहीच, दोन भावांपैकी कुणाचं चालणार याचं आहे. सुभद्रा स्वतः पळूनही जात नाही. कृष्णाच्या बेतानं राक्षस तिला उचलून रानात अर्जुनाजवळ नेतो. संन्याशाचं सोंग घेऊन यती झालेल्या अर्जुनाची सेवा करायलाही बलरामच तिला बसवतो, आणि नाटकातली सगळ्यात मोठी गंमत तीच! शेवटी त्याचा राग निवळतो आणि लग्न घरच्यांच्या संमतीनंच लागतं.

संन्याशाच्या सोंगाची कल्पना किर्लोस्करांचीच, असंही काही जण वर जोडतात. ती भागवताच्या दशम स्कंधात आहे, बलरामानं यतीला घरी जेवायला बोलावण्यासकट.

एकनिष्ठ अर्जुनाबद्दल काय बोलावं? द्रौपदी घरी. ज्या तीर्थयात्रेत सुभद्रा मिळाली, त्याच तीर्थयात्रेत महाभारतानं त्याला उलूपी आणि चित्रांगदाही दिल्यात.

मग नाटकात नवं काही नाहीच का? आहे, आणि मजकूर नेमकं तेच विसरतो. महाभारतात कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवरात बाईच्या मनाचा भरवसा नाही, तू हरण कर. सुभद्रेला तिथं कुणी विचारत नाही. किर्लोस्करांनी तिला वाचा दिली. ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणत ती आपली कोंडी स्वतः मांडते, आणि प्रेक्षक बलरामाच्या नव्हे, तिच्या बाजूला जातो. ते पद पहिल्यांदा गायलं भाऊराव कोल्हटकरांनी, एका पुरुषानं, ही त्या काळाची मर्यादाही सोबत धरावी. निर्णय तिचा नाही, पण दुःख तिचं आहे आणि ते ऐकलं जातं. 1882 साली एवढंही थोडं नव्हतं.

राहिला कायदा. गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झाले, हे खरं. त्यांची ‘शारदा’ आली 1899 मध्ये. तिथंही म्हाताऱ्या भुजंगनाथाचं शारदेशी ठरलेलं लग्न मोडतं ते प्रेमाच्या जोरावर नाही. वधूवर सगोत्र निघाले म्हणून. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा’ नाव पडलं ते तो मांडणाऱ्या अजमेरच्या हरविलास सारडांवरून.