कुंडीतली चाचणी आणि शेतातला घेवडा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

घेवड्याच्या वाणांची मूळकुजीसाठी कुंडीत चाचणी कशी घ्यावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : निर्जंतुक मातीत एकच बुरशी मिसळून तीन आठवड्यांनी मुळे पाहणे ही प्रतिकारशक्तीची परीक्षा नव्हे, शेतात अनेक रोगकारक एकत्र असतात, माती घट्ट असते, पाण्याचा ताण असतो आणि तिथे जो टिकतो तोच वाण खरा. पुरावा म्हणून आपण सांगता की, माझ्या चाचणीत १ ते ९ च्या मोजपट्टीवर (जास्त गुण म्हणजे जास्त कूज) ७ गुण मिळून 'रोगबळी', म्हणजे रोगाला सहज बळी पडणारा, ठरलेला वाण आपल्या वाफ्यात सलग दोन हंगाम हिरवागार उभा होता. शिवाय मी पिथियम या मुळे कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवाला बुरशी म्हटले आणि 'प्रतिकारक' हा शब्द सैल वापरला, या दोन चुकाही आपण दाखवल्या आहेत.

पिथियमबाबत आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. दिसायला ते बुरशीसारखेच असले, तरी त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतात आणि त्याचे गोत्रच वेगळे आहे. ही चूक केवळ नावाची नाही, कारण मेटॅलॅक्झिल हे औषध पिथियमला आवरते पण फ्युझेरियम आणि रायझोक्टोनिया या मूळकुजीच्या खऱ्या बुरशींवर त्याचा परिणाम होत नाही, तर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे बरोबर उलटे आहे. या फरकाचा चाचणीत उपयोगही करून घेता येतो : बियाण्याच्या एका भागाला मेटॅलॅक्झिलची प्रक्रिया करून शेजारी पेरला, तर उगवणीतली तूट पिथियममुळे आहे की अन्य कशामुळे, याचा बराच उलगडा होतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

'प्रतिकारक' या शब्दाबाबत मात्र थोडे अधिक लिहावे लागेल. मी वापरलेली १ ते ९ गुणांची मोजपट्टी १९८७ साली कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने प्रसिद्ध केली. तीत १ म्हणजे लक्षणे नाहीत, ३ म्हणजे मातीलगतच्या खोडाचा व मुळांचा सुमारे १० टक्के भाग बाधित, ५ म्हणजे २५ टक्के, ७ म्हणजे ५० टक्के आणि ९ म्हणजे ७५ टक्के किंवा अधिक. १ ते ३ गुण मिळालेल्या वाणाला प्रतिकारक म्हणण्याचा प्रघात आहे आणि मीही तेच केले. परंतु फ्युझेरियम सोलानीमुळे होणाऱ्या मूळकुजीविरुद्धचा प्रतिकार एखाद्या जनुकाच्या असण्यानसण्यावर ठरत नाही. तो अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांची बेरीज असतो आणि हवामान, माती व रोपाचा जोम यांनुसार वरखाली होतो. मेक्सिकोतील काळ्या दाण्याचा एन २०३ हा प्रतिकाराचा स्रोत पैदासकारांना अनेक दशकांपासून ठाऊक असूनही मोठ्या दाण्याच्या राजम्यात तो गुण पुरेसा उतरवणे अवघड गेले, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून 'प्रतिकारक' याऐवजी 'या विलगाविरुद्ध, या तापमानाला, इतक्या दिवसांनी कमी बाधित' असे लिहायला हवे होते (विलग म्हणजे रोगट रोपातून किंवा मातीतून वेगळी काढून वाढवलेली बुरशी). वाक्य लांबते, पण खोटे तरी ठरत नाही.

याच मोजपट्टीचा एक दोष आपण नोंदवला नाही, तो मीच सांगतो. हे गुण क्रम दाखवतात. त्यांतील अंतरे सारखी नाहीत. एका वाणाची सगळी रोपे ५ गुणांची आहेत आणि दुसऱ्याची निम्मी ३ व निम्मी ७ गुणांची आहेत, तर सरासरी सारखीच येते. पण दुसरा वाण बहुधा मिश्र आहे आणि निवडीसाठी तोच अधिक मोलाचा. मी केवळ सरासरी छापली, हे बरोबर झाले नाही.

आता मुख्य मुद्दा. शेत हेच अंतिम परीक्षक, हे मला मान्य आहे. पण रोप का मेले आणि का जगले, हे शेत सांगत नाही. एकाच वाफ्यात ओल साचलेल्या कोपऱ्यात पिथियम, नांगराच्या तळाशी घट्ट झालेल्या थरावर फ्युझेरियम आणि उन्हाच्या तडाख्यात पाण्याचा ताण पडला की मॅक्रोफोमिना ही आणखी एक बुरशी, असे तिघे वेगवेगळ्या वेळी काम करतात आणि रोगाचे बीजाणू जमिनीत समान पसरलेले नसतात. अशा जमिनीत एखादे रोप निरोगी दिसणे म्हणजे प्रतिकार असेल, सहनशीलता (रोग होऊनही तग धरणे) असेल किंवा त्या जागी रोगकारक नव्हताच, असेही असेल. यासाठीच रोगट क्षेत्रात चाचणी घेताना ठराविक ओळींनंतर रोगबळी वाणाची ओळ पेरतात. ती जिथे मेली नाही, तिथल्या शेजाऱ्यांच्या हिरवेपणाला किंमत देत नाहीत. आपल्या वाफ्यात अशी ओळ असल्याचा उल्लेख प्रतिक्रियेत नाही.

कुंडी हे काम उलट्या बाजूने करते. माती १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची, एकाच विलगाचे द्रावण मिलिलिटरमागे दहा लाख बीजाणू या प्रमाणात द्यायचे, शेजारी बुरशी न दिलेल्या कुंड्या ठेवायच्या आणि शेवटी कुजलेल्या मुळांतून तीच बुरशी पुन्हा वाढवून पाहायची. यातून एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते, पण ते निःसंदिग्ध असते. शेकडो वाणांतून शेतात नेण्याजोगे थोडके निवडण्यासाठी ही चाळणी आहे. लागवडीची शिफारस करण्यासाठी नाही. लेखात मी हे पुरेसे ठासून सांगितले नाही, एवढा दोष माझा.

तरीही कुंडी एका बाबतीत फसवते आणि ही फसवणूक आपण म्हणता त्याहून गंभीर आहे. फ्युझेरियमने सोटमूळ कुजवले, की घेवडा मातीच्या पृष्ठभागाजवळ, कुजलेल्या भागाच्या वर नवी आगंतुक मुळे फोडतो आणि त्यांच्यावर जगतो. कुंडीला मी रोज पाणी देतो, म्हणजे वरचा थर कायम ओला. त्यामुळे केवळ आगंतुक मुळांच्या भरवशावर तगणारा वाण कुंडीत चांगला दिसतो आणि शेतात वरची माती वाळली, की कोसळतो. म्हणजे कुंडी नेहमी शेताहून कठोर असते, असे नाही; ती कधी अकारण दयाळूही असते.

आपल्या हिरव्या वाणाचे कोडेही कदाचित इथेच सुटेल. त्याचे मूळ ५० टक्के कुजलेले असूनही वरच्या ओलीवर आगंतुक मुळांनी त्याला तारले असेल, तर ७ हा गुण आणि आपले दोन हंगाम, दोन्ही खरे आहेत. त्या वाणाला मी रोगबळी म्हटले ते मुळांपुरते. उत्पादनाबद्दल माझ्या चाचणीला काही बोलण्याचा अधिकार नाही.

पुढील फेरीत मी तोच वाण दोन प्रकारे पाणी देऊन लावणार आहे : निम्म्या कुंड्यांना वरून नेहमीप्रमाणे आणि निम्म्यांना खालून, वरचा थर कोरडा ठेवून. गुण देणाऱ्याला वाणाचे नाव कळू नये म्हणून खुणेच्या पट्ट्यांवर केवळ क्रमांक असतील.

आपल्याकडून एकच माहिती हवी आहे. वाफ्यातली मुळे आपण पाहिली असल्यास रोपे उपटली होती की खणून काढली होती? हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण उपटताना कुजलेली साल आणि बारीक मुळे मातीतच राहतात आणि हातात येतो तो स्वच्छ, पांढरा धागा. सुरुवातीच्या वर्षी मी स्वतः अशा धाग्यांना मोठ्या विश्वासाने चांगले गुण दिले होते. यंदा फुलोऱ्याच्या वेळी निदान दहा रोपे फावड्याने मातीच्या गड्ड्यासकट काढून, हलक्या धारेखाली धुऊन, सोटमूळ उभे चिरून पाहावे. सोटमूळ शाबूत निघाले, तर माझ्या विलगात किंवा माझ्या पद्धतीत चूक आहे असे मी धरीन आणि आपल्या वाफ्यातील माती मागवून त्यातूनच नवा विलग काढीन.