त्या चार तारा कापू नका, कापल्या असतील तर परत जोडा

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. "अरे नेट एकदम स्थिर झालंय बघ, मी केबलमधल्या चार तारा काढून टाकल्या." मला आधी कळेचना की मी नक्की काय ऐकलं. मग त्याने तो मेसेज पाठवला, "मेश वायफायवर वायरने जोडलेला कॉम्प्युटर स्लो चालतो? हे सहा उपाय करा", आणि संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला अजून दोन ग्रुपवर दिसला, खाली लोकांचे अंगठे आणि "धन्यवाद सर". मामेबहीण घरून काम करते, तिचं सगळं काम त्याच केबलवर चालतं, म्हणून हे लिहायला बसलोय. (मेश म्हणजे राउटरसारखं एक मेन युनिट आणि घरात इकडेतिकडे ठेवलेले त्याचे जोडीदार डबे, त्या डब्यांना नोड म्हणतात.) ज्याने कुणी तो मेसेज लिहिला त्याने गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची, केबल एकदाही नीट क्रिम्प केली नसावी (क्रिम्प म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेतो. मेसेज म्हणतो, केबलमध्ये आठ तारा असतात पण डेटा फक्त चारांतून जातो, उरलेल्या चार 'नॉइज' पकडतात, म्हणून त्या कापून टाका, स्पीड स्थिर होईल. यातलं अर्धं वाक्य एकेकाळी खरं होतं, तेवढं मान्य करतो. आठ तारा दोन-दोन पिळून चार जोड्या केलेल्या असतात, आणि १०० एमबीपीएसच्या इथरनेटला (म्हणजे केबलवरच्या नेटवर्कला) खरंच दोनच जोड्या लागतात, कनेक्टरच्या पिन १-२ आणि ३-६ वरच्या, बाकीच्या दोन जोड्या नुसत्या पडून असतात. जुन्या ऑफिसांमध्ये एकाच केबलमधून दोन कॉम्प्युटर चालवलेले मी पाहिलेत. पण गिगाबिट तसं चालत नाही. आयईईई या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं ८०२.३एबी हे स्टँडर्ड १९९९ चं आहे, म्हणजे ही काही कालची नवीन माहिती नाही, आणि त्यात स्वच्छ आहे की १०००बेस-टी, म्हणजे केबलवरचं गिगाबिट, चारही जोड्या वापरतं, प्रत्येक जोडीवर २५० एमबीपीएस, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांना. चार गुणिले अडीचशे, हजार. दोन जोड्या कापल्या तर पाचशे मिळतील असंही नाही, गिगाबिट लिंक उभीच राहत नाही. कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड आणि नोड किती स्पीडने चालायचं याची एकमेकांशी बोलणी करतात ती १-२ आणि ३-६ वरूनच, त्यामुळे दोघांना वाटतं आपण गिगाबिट करू शकतो, आणि पुढे गाडी अडकते. काही चिप मुकाट्याने १०० वर उतरतात, काहींना तेही जमत नाही आणि लिंक दर काही सेकंदांनी चालू-बंद होत बसते.

आणि नॉइजचं म्हणाल तर तारा पिळलेल्या असतात त्या त्यासाठीच. जोडीतल्या दोन्ही तारांवर सिग्नल एकमेकांच्या उलट जातो, बाहेरून आलेला नॉइज दोन्हींवर जवळपास सारखा पडतो, पलीकडची चिप दोघींतला फरक घेते आणि नॉइज वजा होतो. रिकामी जोडी कापून यात काहीच सुधारत नाही. उलट त्याच केबलमधून एखाद्या कॅमेऱ्याला वीज जात असेल तर ती बऱ्याचदा ४-५ आणि ७-८ वरूनच जाते, म्हणजे कॅमेराही बंद.

मग मामाला "स्थिर" का वाटलं? मी गेलो तेव्हा टेबलावर त्या कापलेल्या तारांचे तुकडे तसेच होते, निळी, पांढरी-निळी, तपकिरी, पांढरी-तपकिरी. त्याने मला स्पीड टेस्ट लावून दाखवली, ९४, परत लावली, ९४, तिसऱ्यांदा ९४. "बघ, हलतच नाही." आधी आकडा १८० ते २६० मध्ये खालीवर व्हायचा, म्हणून त्याला हे सुधारल्यासारखं वाटलं. प्लॅन ५०० चा आहे! हा ९४-९५ चा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण तो कुठल्याही घरात दिसला तरी त्याचा अर्थ जवळपास ठरलेलाच असतो, की मधली एखादी लिंक १०० वर उतरलीये. १०० ची लिंक असली तरी प्रत्येक पॅकेटवर पत्त्यांचा आणि मधल्या मोकळ्या जागेचा खर्च असतो, १५३८ बाइट तारेवरून गेले की त्यातले १४६० तुमच्या डेटाचे, म्हणून टेस्टमध्ये जास्तीत जास्त ९५ च्या आसपासच दिसणार. आकडा हलत नव्हता कारण तो छताला टेकला होता. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड बघितली, १००/१००. तारा बाहेरच्या आवरणापाशी इतक्या आखूड कापल्या होत्या की जोडायला काही उरलंच नव्हतं, टोक कापून नवीन कनेक्टर क्रिम्प केला, लिंक १०००/१००० झाली आणि टेस्ट परत अडीचशेच्या घरात. पाच मिनिटांचं काम होतं, पण मामेबहिणीने त्याआधी चार दिवस मीटिंगमध्ये अडकत काढले होते.

दुसरा मुद्दा, अ‍ॅडाप्टरच्या (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या) सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून '१०० फुल डुप्लेक्स' करा. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात, हाफ म्हणजे आळीपाळीने. हाही घातकच आहे. एका टोकाला हाताने फुल डुप्लेक्स ठोकलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं तर दुसऱ्याला स्पीड ओळखता येते पण डुप्लेक्स कळत नाही, मग नियमाप्रमाणे ते हाफ धरून चालतं. एक बोलत सुटलेला आणि दुसरा वाट बघत थांबणारा, असं होतं. पिंग छान येतो, वेबपान उघडतं, आणि मोठी फाइल टाकली की सरपटायला लागते, म्हणून दोष कशाचा ते चटकन सापडतही नाही. फार पूर्वी काही जुन्या कार्डांचं आणि स्विचचं ऑटोवर जमायचं नाही, तेव्हा लोक हाताने सेट करायचे, हा सल्ला तिथून आलेला दिसतो. गिगाबिटमध्ये ऑटो बोलणी सक्तीची आहे. ऑटोवरच ठेवा.

तिसरा, कॅट ८ केबल घ्या, कॅट ५ई फक्त १०० देते (कॅट म्हणजे केबलचा दर्जा): चूक. कॅट ५ई वर गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं, २०१६ च्या स्टँडर्डप्रमाणे अडीच गिगाबिटही चालतं. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या ४० गिगाबिटसाठी आहे. केबल बदलायची वेळ येते ती मोडकी असली तर, किंवा तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असलं तर, आवरणावर सीसीए लिहिलेलं असलं तर ती भिंतीत घालू नका.

चौथा, नोड आणि मेन युनिटमध्ये दोन केबली लावा, स्पीड डबल: नाही. त्याने लूप होतो, तो लूप ओळखून तोडायची सोय मध्ये नसेल तर पॅकेट गोल गोल फिरत राहतात आणि अख्ख्या घराचं नेट बसतं. दोन लिंक एकत्र करण्याची पद्धत आहे, पण ती दोन्ही टोकांना असावी लागते आणि चालू करावी लागते. पाचवा, डीएनएस बदला: डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, ती बदलल्याने नाव शोधायला लागणारा वेळ कमी होईल कदाचित, डाउनलोडची स्पीड त्याने ठरत नाही.

सहावा मुद्दा "मेश म्हणजे स्पीड अर्धी, वायर लावून उपयोग नाही". यात थोडं तथ्य आहे आणि मामाचं मूळ दुखणं इथेच होतं, फक्त मेसेजने ते उलटं सांगितलं. नोड ज्या रेडिओवर मेनकडून घेतो त्याच रेडिओवर तुमच्या फोनला देत असेल तर वेळ दोघांत वाटला जातो आणि साधारण अर्धी होते. पण नोडला वायरने लावलेल्या कॉम्प्युटरला हे लागूच नाही, नोड हवेतून घेतो आणि तारेने देतो. एका नोडमागे दुसरा नोड हवेतूनच जोडलेला असेल तर मात्र पुन्हा फटका बसतो. मामाकडे वरच्या खोलीत कॉम्प्युटरपासून नोडपर्यंत हातभर वायर, आणि तिथून खालच्या मेनपर्यंत दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून सगळी हवा. त्याला आपण वायर्ड म्हणत होतो! कॉम्प्युटरवर १००० दिसणार, कारण ती फक्त त्या हातभर वायरीची लिंक आहे. मेशच्या अ‍ॅपमध्ये नोडवर टॅप केलं की तो वायरने जोडलाय की वायरलेस ते बहुतेक वेळा दिसतं, आधी ते बघा. मग तोच कॉम्प्युटर त्याच केबलने थेट मेन युनिटला लावून टेस्ट करा, तिथे पूर्ण मिळाली तर केबल, कार्ड आणि कनेक्शन तिन्ही सुटले, दोष मधल्या उडीत. तिथेही ९४ आली तर केबल किंवा पोर्ट. काही स्वस्त नोडवर पोर्टच १०० चे असतात, आणि मध्ये एखादा जुना १०/१०० स्विच विसरलेला असतो, तोही बघा.

मामाकडे मेन ते नोड केबल ओढली, आता वर ४७० च्या पुढे येतात.

ज्यांनी तारा आधीच कापल्यात त्यांनी टोक कापून नवीन कनेक्टर लावा. क्रम, कनेक्टरची लॉकची पट्टी खाली, सोनेरी पिना वर आणि केबल घालायची बाजू स्वतःकडे धरून डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मुद्दाम फुटलेली आहे, ३ आणि ६ वर, ती "सरळ" करून शेजारी शेजारी लावू नका, कारण दोन्ही टोकांना तशी लावली तर साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो आणि स्पीड तरीही पडते. दुसऱ्या टोकाला हाच क्रम हवा. लावून झालं की लिंक स्पीड उघडून १०००/१००० दिसतंय ना ते बघा.