फी माफ झाली, पुढचं काय?

मुलींच्या शिक्षणावरच्या एका लेखात म्हटलंय, महाराष्ट्रात २०२४ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली नि मुलींची वाट मोकळी झाली. अर्धंच खरं. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची, तीही घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून असेल तर. मॅनेजमेंट कोट्याला नाही. खोली, मेसचा खर्च घरच्यांवरच, आणि ‘पोराला पुण्याला ठेवू, पोरीचं बघू’ तिथंच सुरू होतं.

एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. जत, आटपाडी, माणच्या वाड्यांवर जाणारी शेवटची गाडी गाठायला मुली दुपारचं प्रॅक्टिकल सोडतात, हजेरी ७५ टक्क्यांखाली जाते, टर्म अडते. घरचे म्हणणार, ‘तिचंच मन लागत नाही.’

राखीव जागेतून प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका, निकालानंतर वेळ पुरत नाही. मध्येच लग्न लावलंत तरी (लावू नका!) जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) माहेरचंच चालतं, त्यात नवऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत. आधारवरचं नाव मात्र पदवी हातात येईपर्यंत बदलू नका. गुणपत्रिकेशी जुळलं नाही की महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज लटकतो. सासरी हे बोलायचं काम माहेरच्यांचं, आणि ते सुपारी फोडण्याआधी.