विचारलं त्याचं उत्तर द्या ना!

साधं विचारलं, द्राक्षांवर पांढरट थर दिसतो तो औषधाचा की आणखी कशाचा? उत्तरं काय? "पिंपळगावची खाऊन बघा." "आम्ही तर द्राक्षं सोडलीच." अहो, विचारलं काय, सांगता काय! सालीवर नैसर्गिक मेण असतं, ते फळातलं पाणी टिकवतं, एवढं नाशकात कुणालाच सांगता येऊ नये? आईचे गुडघे दुखतात, सप्तशृंगगडावरची ट्रॉली किती वाजेपर्यंत असते म्हटलं, तर "श्रद्धा असली की पायऱ्या चढता येतात." मग २०१८ पासून ती ट्रॉली चालते कुणासाठी? वर गुडघ्यांना कोणतं तेल लावायचं तेही सांगून मोकळे! साठवणीच्या चाळीतला कांदा का सडतो विचारा, लगेच कांद्याच्या भावावर भाषण. माहीत नसेल तर गप्प बसवत नाही का? ज्याला माहीत आहे त्याला बोलू तरी द्या!